वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ आपले वाटावे म्हणून

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींची किंवा त्यांच्या पालकांची आहेत. जून-जुलैत प्रवेश होतात, गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत नवेपणा ओसरतो आणि मग हे प्रश्न पडू लागतात. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे मोठी होती. त्यांतील मुख्य मजकूर तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील एका गावातून पदव्युत्तर शिक्षणासाठी रोज पणजीच्या बाजूला येते. पदवीला असताना स्नेहसंमेलन, नाटक, क्रीडादिन यांत आम्ही मैत्रिणी इतक्या गुंतलेल्या असायचो की सुट्टीतही पाय महाविद्यालयाकडे वळत. येथे मात्र तास संपले की जो तो बसस्टॉप गाठतो. वर्गातील निम्म्या मुलांशी माझे अजून बोलणेही झालेले नाही. आमच्या संघाचा सामना असला तरी तो पाहायला कोणी थांबत नाही. ही संस्था ‘माझी’ वाटावी म्हणून काही करता येईल का, की दोन वर्षांत पदवी घ्यावी आणि विसरून जावे? (संस्थेचे नाव छापू नये, ही विनंती.)
— एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : विसरून जाण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पदवीच्या महाविद्यालयावर माया करायची असे ठरवून तुम्ही ती केली नव्हती. तुमच्याकडे नाटकाचे आणि क्रीडादिनाचे काम होते आणि ते करता करता जीव जडला. येथे तसे काम अजून तुमच्या वाट्याला आलेले नाही. माझ्या मते फरक एवढाच आहे आणि तो भरून काढता येण्याजोगा आहे.

संस्थेचे नाव तुमच्या इच्छेनुसार दिलेले नाही आणि त्याची गरजही नाही, कारण ही अडचण कोणा एकाची नाही. तिची मुळे गोव्यातील उच्च शिक्षण ज्या क्रमाने उभे राहिले त्यात आहेत. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी आणि पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे व मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली; म्हापशाचे सेंट झेवियर महाविद्यालय १९६३ चे. ही सर्व महाविद्यालये तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचेच एक केंद्र पणजीत चालत असे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि प्रत्यक्ष कामकाज १ जून १९८५ पासूनचे. म्हणजे महाविद्यालये विद्यापीठापेक्षा दोन दशकांनी वडील आहेत. तोवर एका पिढीची मैत्री, लग्ने, नाटके आणि भांडणे त्या महाविद्यालयांच्या आवारात होऊन गेली होती. काणकोणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या पदवीवर नाव विद्यापीठाचे असते, पण विद्यापीठ जेथे आहे ते ताळगावचे पठार ती कदाचित एखादा दाखला आणायला म्हणून पहिल्यांदा पाहते. तिची निष्ठा आपल्या महाविद्यालयाशी असणार, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट जागेची. विद्यापीठाच्या मुख्य इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा आहे आणि पावसाळ्यात त्या सड्यावर हिरवळ उगवली की परिसर फार देखणा दिसतो. परंतु तो कोणाच्या वाटेवरचा नाही. पणजीच्या बाजारातून जाता जाता डोकावावे, असे तेथे होत नाही. मुद्दाम जावे लागते आणि वेळेवर निघावे लागते. पेडण्याच्या किंवा वाळपईच्या मुलाला आधी पणजीचे कदंब बसस्थानक गाठायचे असते, तेथून पुढची गाडी धरायची असते आणि गावात उतरल्यावर शेवटचा टप्पा कोणाच्या तरी दुचाकीवर बसून काढायचा असतो. संध्याकाळी मडगावच्या शटल बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे कधी नीट पाहा. काखेत प्रोजेक्टची गुंडाळी, कानात हेडफोन, एक डोळा घड्याळावर. त्या मुलाला सामना पाहायला थांबायचे नसते असे नाही. थांबला तर घरी कसा पोहोचेल, हा त्याचा प्रश्न असतो. विद्यापीठाच्या परिसरात २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देशांच्या) क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले भव्य बंदिस्त स्टेडियम आहे. अशा सोयी हव्यातच, पण आपला संघ खेळत असताना बाकावर आपली माणसे असणे ही गोष्ट स्टेडियम बांधून होत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोव्यातील विद्यार्थ्याला गाव आहे आणि ते गाव त्याला सोडत नाही. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला तो हवा, देवळाच्या जत्रेत हवा, शिगम्याच्या रोंबाट मिरवणुकीत हवा, काल्याच्या नाटकात तर हवाच हवा. मोठ्या शहरातील एकट्या मुलाला महाविद्यालयाचा जो आधार लागतो, तो आपल्या मुलांना वाड्यावरच मिळालेला असतो. यात वाईट काहीच नाही. उलट हे आपले भाग्य आहे. मात्र त्यामुळे संस्थेने नुसती घोषणा द्यावी, टी-शर्ट वाटावेत आणि मुलांनी भारावून जावे, असे गोव्यात होणार नाही. त्यासाठी गाव माणसाला कसे बांधून ठेवतो, हेच पाहावे लागेल.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह पाहा. अखंड चोवीस तास भजन चालते आणि ते खंडू नये म्हणून गायकांची पथके एकामागून एक उभी राहतात. निरनिराळ्या व्यवसायांतील समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, निघतात आणि प्रत्येक पाराची जबाबदारी त्या त्या मंडळींची असते. आपली पाळी चुकली तर भजन तुटेल, ही जाणीव पहाटे तीन वाजता गाणाऱ्यालाही असते. सप्ताहावर प्रेम करा, असे तेथे कोणाला सांगावे लागत नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रहर आलेला असतो. आपल्या बहुतेक संस्थांत नेमके उलटे होते. मोजकी उत्साही मुले सगळे करतात, बाकीचे प्रेक्षक होतात आणि प्रेक्षकाला शेवटची बस नेहमीच जवळची वाटते.

गोव्यातील विद्यार्थी एकत्र येऊच शकत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळावी म्हणून येथील विद्यार्थ्यांनी जे आंदोलन केले, त्यात पणजी, मडगाव, म्हापसा असे भेद उरले नव्हते. विद्यापीठ तेव्हा स्थापनही झाले नव्हते. कदंब परिवहन महामंडळ १९८० मध्ये आले. त्याआधी प्रवास खासगी बसगाड्यांवर अवलंबून होता आणि भाडे हा प्रत्येक घरातील प्रश्न होता. रोज ज्या गोष्टीची झळ सोसावी लागते, तिच्यासाठी मिळून काही केले की अनोळखी मुलेही एकमेकांची होतात. तो काळ पाहिलेली माणसे आज साठी-पासष्टीची आहेत आणि ती त्याविषयी ज्या आपुलकीने बोलतात, तेवढ्या आपुलकीने आपल्या पदवीदान समारंभाविषयी बोलताना मी कोणाला ऐकलेले नाही.

आता तुमच्यापुरते. कोणताही उपक्रम संध्याकाळी ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीतील अर्धा-पाऊण तास हाच तुमचा खरा वेळ आहे, तो धरा. सुरुवात लहान असावी आणि मी तर भित्तिपत्रकच सुचवीन. ते आता कोणी काढत नाही, सगळे मोबाईलवर असते, हे मला ठाऊक आहे. पण मोबाईलवरचे एकट्याने होते आणि भित्तिपत्रकाला माणसे लागतात. एक जण ड्रॉइंग शीटवर शिसपेन्सिलीने फिक्या रेघा आखतो, सुवाच्य अक्षर असलेली मुलगी मजकूर उतरवते, तिसरा कोपऱ्यात चित्र काढतो, चौथी शुद्धलेखन तपासते आणि मग फलकाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध सुरू होतो. शाई वाळेपर्यंत कोणालाच हलता येत नाही आणि गप्पा होतात त्या तेवढ्याच वेळात. विषयही जवळचे घ्या. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह आहे; आपल्या तालुक्याविषयी त्यात काय सापडते, एवढा एक विषयसुद्धा वर्गातील दहा जणांना कामाला लावील. प्रत्येक अंकाची जबाबदारी वेगळ्या तालुक्यातील मुलांवर सोपवा. पेडणेकरांचा अंक चांगला झाला की सत्तरीची मुले मागे राहणार नाहीत.

सामन्याच्या बाबतीत आधी बसचा प्रश्न सोडवा. ज्या दिवशी सामना किंवा कार्यक्रम उशिरापर्यंत चालणार असेल, त्या दिवसासाठी वर्गप्रतिनिधींमार्फत विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या आणि म्हापसा, फोंडा, मडगाव या दिशांना किती मुले जाणार आहेत, त्यांची नावानिशी यादी जोडा. नुसत्या तक्रारीपेक्षा यादीचा उपयोग अधिक होतो, कारण ती पाहून निर्णय घेणे सोपे जाते. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना तुमच्या गावच्या जत्रेला घेऊन जा. एकदा तुमच्या आईच्या हातचे जेवून गेलेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी वर्गात अनोळखी राहणार नाही.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत एका लहान गावातील राज्य विद्यापीठात शिकायला गेला आहे. फोनवर तो सांगतो की शनिवारी सारे गाव एकाच रंगाचे कपडे घालून फुटबॉल पाहायला जाते, दुकानांच्या काचाही त्याच रंगाने सजवतात आणि दरवर्षी ‘होमकमिंग’ नावाचा उत्सव असतो. त्याला हे सारे परके वाटते. अभ्यास सोडून यात वेळ घालवावा का, असे त्याने मला विचारले आहे. मी काय सांगू?
— एक काका, मडगाव

उत्तर : जाऊ द्या त्याला. ज्या गावात दोन-चार वर्षे राहायचे, त्या गावाचा उत्सव पाहिल्याने अभ्यास बुडत नाही आणि तेथील लोकांशी बोलायला एक विषय मिळतो.

हे सारे तेथे असे का घडते, हे त्याला सांगितलेत तर परकेपणा थोडा कमी होईल. अमेरिकेत १८६२ मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्ष असताना मॉरिल कायदा झाला. संसदेतील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३० हजार एकर या हिशेबाने राज्यांना सरकारी जमीन देण्यात आली आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारावीत, असे ठरले. शेतकरी आणि कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या यांपैकी अनेक संस्था मोठ्या शहरांपासून दूर, लहान गावांत वाढल्या. आयोवा राज्य विद्यापीठ एम्स गावात आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या गावाचे नावच स्टेट कॉलेज आहे. त्या गावाची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास, तर विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. गावाचा रोजगार, बाजार, करमणूक, सारे विद्यापीठाभोवती फिरते. विद्यार्थी तेथेच राहतात आणि संध्याकाळी गाठायची शेवटची बस त्यांना नसते. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी शरद ऋतूत एखाद्या सामन्याच्या निमित्ताने परत येणे. ही प्रथा पहिल्यांदा कोणी सुरू केली, याचा मान एकाहून अधिक विद्यापीठे सांगतात; त्यांत मिसुरी विद्यापीठाच्या १९११ मधील कार्यक्रमाचा उल्लेख वारंवार होतो.

तो फुटबॉल आपल्या सासष्टीत खेळला जातो तो नव्हे. चेंडू लांबट असतो आणि नियम समजायला वेळ लागतो. पुतण्याने वर्गातील एखाद्या स्थानिक मित्राबरोबर जावे, महागडी जर्सी घेण्याची घाई करू नये, त्या रंगाचा साधा शर्ट पुरतो. आणि त्याच्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांचे मंडळ असेल, तर दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याच मित्राला आवर्जून बोलवावे. एकाच बाजूने पाहुणे राहून आपलेपणा येत नाही.

प्रश्न : मी द्वितीय वर्षाला आहे आणि विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत सरचिटणीसपदासाठी उभा राहू इच्छितो. वडील म्हणतात की हे राजकारण आहे, त्यात पडू नकोस. मित्र म्हणतात की मोठे बॅनर छापू, पैसे आम्ही उभे करू. कोणाचे ऐकू?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : उभे राहा, आणि बॅनरच्या बाबतीत मित्रांचे अजिबात ऐकू नका. विद्यार्थी निवडणुकांसंबंधी लिंगडोह समितीने केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. त्यांनुसार एका उमेदवाराचा खर्च ५ हजार रुपयांपेक्षा जास्त होता कामा नये, छापील पत्रके व फलक चालत नाहीत, हाताने तयार केलेली पोस्टर तेवढी ठरवून दिलेल्या जागी लावता येतात आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय १७ ते २२ च्या दरम्यान हवे, त्या वर्षी कोणताही विषय राहिलेला नसावा आणि हजेरी संस्थेने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यांपैकी जी अधिक असेल तितकी हवी. पदाधिकारी म्हणून निवडणूक लढवण्याची संधी एकदाच मिळते. म्हणून यंदा उभे राहायचे की तृतीय वर्षाला, याचाही विचार करा.

वडिलांची काळजी मला समजते. निवडणुकीच्या निमित्ताने बाहेरची माणसे आवारात शिरतात, मुलांना जेवणावळी घालतात आणि निवडून आलेला मुलगा मग त्यांच्या ऋणात राहतो. हे टाळण्यासाठीच राजकीय पक्षांना या निवडणुकांपासून दूर ठेवावे, असे त्या शिफारशींत आहे. तुम्ही वडिलांना खर्चाची वही दाखवीन असा शब्द द्या आणि तो पाळा. एकाही माणसाकडून पैसे न घेता, वर्गावर्गांत जाऊन, तीन गोष्टी करीन एवढेच सांगून निवडणूक जिंकता येते. त्या तीन गोष्टी कोणत्या, हे ठरवण्यासाठी आठवडाभर कँटीनमध्ये, वाचनकक्षात आणि बसस्टॉपवर मुलांचे बोलणे ऐका. आय.एस.ए.च्या, म्हणजे सत्रांतर्गत परीक्षांच्या, तारखा एकाच आठवड्यात कोसळतात, मुलींच्या खोलीतील पंखा चालत नाही, क्रीडासाहित्याची खोली दुपारी बंद असते, अशा गोष्टी तुम्हाला ऐकू येतील. हे प्रश्न लहान वाटले तरी मुलांचा दिवस यांवरच चांगला किंवा वाईट जातो.

प्रश्न : माझा मुलगा प्रथमच घराबाहेर हॉस्टेलवर राहिला आहे. वरच्या वर्गातील मुले रात्री नव्या मुलांना उठवतात, हॉस्टेलची घोषणा पाठ म्हणायला लावतात, चुकल्यास बैठका काढायला लावतात. ‘ही आपली परंपरा आहे, यानेच एकी होते,’ असे ते म्हणतात. मुलगा मला तक्रार करू देत नाही.
— एक आई, डिचोली

उत्तर : हे रॅगिंग आहे. झोपेतून उठवणे, मनाविरुद्ध काही म्हणायला लावणे आणि शारीरिक शिक्षा करणे, यांना परंपरा म्हटल्याने त्यांचे स्वरूप बदलत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असणे बंधनकारक आहे. तुम्ही आणि मुलाने प्रवेशाच्या वेळी जे प्रतिज्ञापत्र भरून दिले असेल, ते याच विनियमांखालचे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ असून ती दिवसरात्र चालू असते.

मुलगा थांबवतो आहे, कारण त्याला तेथे राहायचे आहे आणि एकटे पडण्याची भीती आहे. त्याच्याशी न रागावता बोला, पण गप्प बसू नका. प्रथम वसतिगृहाच्या अधीक्षकांना लेखी कळवा, पत्राची पोच घ्या आणि दोन दिवसांत हालचाल दिसली नाही तर प्राचार्यांकडे व मदतवाहिनीकडे जा. त्याला मारहाण झाली किंवा तो खोलीबाहेर पडेनासा झाला, तर दोन दिवसही थांबू नका. भीतीने पाठ केलेली घोषणा कोणाला एकत्र आणत नाही; ती ऐकणारी मुले पुढच्या वर्षी तेच दुसऱ्यांना करतात आणि त्यालाच परंपरा म्हणू लागतात.

प्रश्न : मी सत्तरीतील आहे. प्राथमिक शिक्षण मराठीत झाले, पुढचे इंग्रजीत. वाचलेले समजते, परीक्षाही ठीक जाते, पण कँटीनमध्ये सारे भराभर इंग्रजीत बोलतात तेव्हा माझे तोंडच उघडत नाही. वाद्ये वाजवतो, भजनात असतो, पण येथे कोणाला ते माहीतही नाही.
— एक विद्यार्थी, वाळपईजवळ

उत्तर : तुमच्यासारखी वाट चालून आलेली मुले त्याच टेबलावर आणखी दोन-तीन तरी असतील, कारण गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या आणि त्यापुढचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीत, हीच येथील सर्वसाधारण रीत आहे. ती मुलेही गप्प बसलेली असतात. कोणी एकाने कोंकणीत किंवा मराठीत बोलायला सुरुवात केली की टेबलाची भाषा बदलते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. इंग्रजी बोलण्याचा सराव अवश्य करा, वर्गात रोज एक प्रश्न विचारण्याचा नेम ठेवा, परंतु ओळख होण्यासाठी इंग्रजी सुधारण्याची वाट पाहू नका.

पखवाज वाजवत असाल तर सांस्कृतिक विभागाच्या प्रमुखांना आजच जाऊन भेटा. युवा महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की वादक मिळत नाही म्हणून सगळीकडे धावपळ असते. मराठी वाङ्मय मंडळातही नाव द्या. राष्ट्रीय सेवा योजनेचाही विचार करावा. ही योजना १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असे तिचे स्वरूप आहे. शिबिरात खड्डे खणताना, भाजी चिरताना आणि रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपताना कोण कोणत्या माध्यमातून आला हे कोणी विचारत नाही, आणि शेवटच्या रात्री भजनाला तुमच्यावाचून अडणार आहे.

प्रश्न : आम्ही जुने विद्यार्थी आता निवृत्त झालो आहोत. आमचा व्हॉट्सॲप गट आहे, पण त्यावर शुभेच्छांपलीकडे काही होत नाही. आपल्या महाविद्यालयासाठी काही करावेसे वाटते. एक सभासद म्हणतात की प्रवेशद्वारावर कमान बांधून द्यावी.
— एक निवृत्त कर्मचारी, फोंडा

उत्तर : कमान नको. तीवर नावे कोणाची, यावरून तुमचा गट फुटेल आणि मुलांना तिचा उपयोग नाही. प्राचार्यांना भेटून दोन गोष्टी विचारा: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जाणाऱ्या संघांचा प्रवास आणि जेवण यांत किती कमी पडते, आणि फी भरायची राहिल्याने कोणी विद्यार्थी अडचणीत आहे का. या दोन कामांत पैसे घातले तर ते वाया जाणार नाहीत, आणि मदत मिळालेल्या मुलाचे नाव कोठेही जाहीर होऊ नये, अशी अट तुम्हीच घाला. पेडण्याच्या ज्या विद्यार्थिनीचे पत्र वर आले आहे, तिच्यासारख्या मुलींना सामन्यानंतर घरी सोडण्यासाठी वर्षातून चार-पाच वेळा मिनीबस ठरवून देणे, हेही तुमच्या गटाला सहज जमण्याजोगे आहे.

याशिवाय एक काम असे आहे की जे तुमच्याखेरीज कोणीच करू शकणार नाही. तुमच्या काळातील वार्षिकांक, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांचे आणि सहलींचे फोटो घरोघरी ट्रंकांत पडले आहेत आणि आपल्याकडील दमट हवेत त्यांना बुरशी लागते आहे. ते गोळा करा. प्रत्येक फोटोतील माणसे ओळखून नावे, साल आणि प्रसंग वेगळ्या कागदावर लिहा. फोटोच्या मागे लिहायचेच झाले तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनाने नव्हे. मग ग्रंथपालांच्या मदतीने सारे स्कॅन करून मूळ प्रती ज्याच्या त्याला परत द्या. स्कॅनिंगचे काम आताच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन केले तर उत्तम, कारण फोटोतील माणसांविषयी ते प्रश्न विचारतील आणि तुम्हाला उत्तरे द्यावी लागतील. यंदाच्या स्नेहसंमेलनाला त्यातील निवडक फोटोंचे प्रदर्शन मांडायचे असेल, तर प्राचार्यांची परवानगी याच महिन्यात घेऊन ठेवा.